सरपणाची मोजणी : बेंगळुरूच्या 'अस्त्र' केंद्राचे काम आणि आपली परिभाषा

पदवीच्या वर्गांना पर्यावरण अभ्यास हा विषय सक्तीचा झाला, तेव्हा तो शिकवायला स्वतंत्र अध्यापक फार थोड्या महाविद्यालयांत होते. ज्यांचे तास कमी भरत त्यांच्याकडे तो आला, आणि त्यांत भाषेच्या अध्यापकांचा क्रमांक पहिला. बेळगावकडच्या सीमाभागात मराठी शिकवणाऱ्या मला अशा रीतीने एके वर्षी 'शाश्वत विकास' हा घटक शिकवावा लागला. व्याख्या फळ्यावर लिहून झाली आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, कीर्तनात शाश्वत म्हणजे देव. मग विकास शाश्वत कसा?"

वर्ग हसला, प्रश्न मात्र रास्त होता. संतपरंपरेच्या भाषेत नाम शाश्वत आणि संसार नश्वर. चूल, पाणी, शेण, सरपण हे सारे संसाराच्या बाजूचे. त्यालाच शाश्वत म्हणायचे, तर शब्दाला त्याच्या जन्माच्या विरुद्ध दिशेने ओढावे लागते. उत्तर देण्यासाठी मी एखादे प्रत्यक्षातले उदाहरण शोधू लागले आणि आमच्याच राज्याच्या राजधानीतल्या एका संशोधन केंद्रापाशी येऊन थांबले. त्या केंद्राच्या कामाची ओळख करून देणे आणि त्या निमित्ताने आपल्या परिभाषेचा थोडा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली 'ॲप्लिकेशन ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी टू रुरल एरियाज' या नावाचा उपक्रम सुरू झाला. आद्याक्षरांतून तयार झालेले 'अस्त्र' हे नाव आपल्या कानाला लगेच ओळखीचे वाटते. त्याचे प्रणेते अमूल्य रेड्डी हे विद्युत्‌रसायनाचे अभ्यासक. जॉन बॉक्रिस यांच्यासह त्यांनी लिहिलेला त्या विषयावरचा ग्रंथ विद्यापीठांतून पाठ्यपुस्तक म्हणून वापरला जातो. असा मनुष्य चूल आणि शेणाकडे वळला, याचे सहकाऱ्यांना आश्चर्य वाटले असणारच. संस्थेचे संचालक तेव्हा सतीश धवन होते. तेच इस्रोचेही अध्यक्ष होते. उपग्रह आणि चूल ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या टेबलावर होती, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की ते सरसावून बसतात.

केंद्राने पहिली चांगली गोष्ट केली ती ही, की ते संस्थेच्या आवारात बसून राहिले नाही. तुमकूर जिल्ह्याच्या कुणिगल तालुक्यातील उंग्रा या गावी त्याने आपले विस्तार केंद्र उभारले आणि आसपासच्या सहा गावांत घरोघर जाऊन पाहणी केली. पाहणीचा विषय ऊर्जा. त्या काळी ऊर्जा म्हणजे कोळसा, तेल आणि वीज असेच धरले जाई. ज्याची पावती फाटते तेच मोजले जाई. या मंडळींनी सरपण मोजले, बैल मोजले, माणसांचे श्रम मोजले. सहांपैकी पुरा हे एक छोटे गाव. १९७७ साली तेथे ५६ घरे आणि ३५७ माणसे होती. गावाच्या एकूण ऊर्जेपैकी ८९ टक्के ऊर्जा सरपणातून येत होती. विजेचा वाटा नगण्य होता. आणि माणसांच्या श्रमांत बायकांचा वाटा ५३ टक्के, पुरुषांचा ३१ आणि मुलांचा १६ टक्के होता.

हे आकडे मी फळ्यावर लिहिते तेव्हा वर्गातल्या मुली मुलांकडे पाहतात. खेड्यात वाढलेल्या कोणालाही त्यात नवे काही नाही. नवे आहे ते एवढेच, की मोळी आणणाऱ्या बाईची चाल एका राष्ट्रीय संस्थेच्या तक्त्यात ऊर्जा म्हणून लिहिली गेली.

पुढची हकीगत या केंद्राच्या कीर्तीपेक्षा त्याच्या चुकीमुळे मला महत्त्वाची वाटते. सरपणाचा एवढा भार दिसल्यावर उपाय उघड होता : गावातले शेण एकत्र करायचे, सामुदायिक गोबरगॅसचे संयंत्र बांधायचे आणि घरोघर स्वयंपाकाला गॅस द्यायचा. हिशोब कागदावर बसला होता. प्रत्यक्षात जमणारे शेण आणि त्यातून निघणारा गॅस सगळ्या घरांच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला पुरेना. अर्धा स्वयंपाक गॅसवर आणि अर्धा चुलीवर करायचा, तर मोळी चुकत नाही. शिवाय मोळी रानातून फुकट येत होती; तिच्यात बाईचा वेळ जात होता, पण घरातला पैसा जात नव्हता. योजना थांबली.

मग उशिरा का होईना, गावाला विचारण्यात आले. गावाने पाणी मागितले. पिण्याचे, स्वच्छ, घराजवळ. त्याच संयंत्राचा गॅस आता चुलीकडे न नेता इंजिनाकडे वळवला गेला. डिझेलला गॅसची जोड देऊन पाच किलोवॉटचे जनित्र चालू लागले. त्यावर कूपनलिकेचा पंप आणि घरांतले दिवे. १९८७ पासून ही व्यवस्था चालली. शेण आणून देणाऱ्याला किलोमागे २ पैसे मिळत आणि गॅस काढून उरलेला गाळ खत म्हणून परत मिळे. त्यामुळे शेतकऱ्याचे काही बुडत नसे. संयंत्र गावातलीच तरुण मुले चालवीत आणि देखरेख ग्रामसभेची असे. स्वयंपाकाला न पुरलेले तेच शेण पाण्याला आणि उजेडाला पुरले.

सुमारे दहा वर्षे चालून तेही बंद पडले, हे लपवण्याचे कारण नाही. रेड्डी यांनीही ते लपवले नाही. २००४ साली त्यांनी पुराच्या प्रकल्पातून मिळालेल्या धड्यांवर स्वतंत्र लेख लिहिला. आपल्याकडे प्रकल्पांच्या उद्‌घाटनाचे अहवाल निघतात, समाप्तीचे सहसा निघत नाहीत.

केंद्राची इतर कामेही आहेत. मातीत थोडे सिमेंट मिसळून हातयंत्राने दाबलेल्या, भट्टीत न भाजलेल्या विटा के. एस. जगदीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केल्या. खेड्यासाठी योजलेल्या या विटांची घरे बेंगळुरूच्या सुशिक्षितांनी हौसेने बांधली, हा त्यातला गमतीचा भाग. तीन भांड्यांची, धुराड्याची चूलही येथलीच. तिचे नाव 'अस्त्र ओले'; ओले म्हणजे कानडीत चूल. एकाच जाळावर तीन भांडी ठेवायची, म्हणजे पहिल्याच्या खालची उरलेली धग पुढच्या दोघांना मिळते. हे ऐकून माझ्या डोळ्यांपुढे आजीच्या चुलीचा वैल आला. मुख्य जाळावर भाकरी आणि वैलावर आमटी. वैल म्हणजे काय, हे वर्गात तिघींनाच ठाऊक होते.

पुढे केंद्राचे नाव बदलून 'सेंटर फॉर सस्टेनेबल टेक्नॉलॉजीज' असे झाले. काम वाढले होते, नाव वाढणे स्वाभाविकच. पण जुन्या नावात खेडे होते, नव्यात ते नाही. मराठीत त्याचे भाषांतर 'शाश्वत तंत्रज्ञान केंद्र' असे करतात, आणि आपण पुन्हा कीर्तनातल्या प्रश्नाशी येतो.

माझ्या मते इथे आपल्याजवळचा शब्द 'पुरणे' हा आहे. तेल पुरवून वापर, दाणे पावसाळाभर पुरवायचे आहेत, असे आपण घरात म्हणतो. त्यात साठा किती, खाणारी तोंडे किती आणि काळ किती, हे तिन्ही प्रश्न आपोआप येतात. 'शाश्वत'मध्ये ते येत नाहीत. परिभाषा कोशांतून एखादा शब्द एकदा रूढ झाला की तो हलवणे कठीण, हे मी जाणते. 'शाश्वत विकास' प्रश्नपत्रिकेत राहीलच. निदान शिकवताना त्याच्या शेजारी 'पुरणारा' हा शब्द ठेवायला हरकत नसावी. कोणाला पुरणारा, असे मुले मग स्वतःच विचारतात.

गेल्या वर्षी मी विद्यार्थ्यांना घरी आठवडाभर पाणी, जळण आणि जनावरे यांवर कोणाचे किती तास जातात, ते मांडून आणायला सांगितले. गॅस आता जवळजवळ प्रत्येकाकडे आहे. तरी आंघोळीचे पाणी बऱ्याच घरांत अजून चुलीवरच तापते. एका मुलीने आईच्या रकान्यात सगळे तास लिहिले, बेरीज केली आणि खाली पेन्सिलीने विचारले होते, "मॅडम, फुंकणीचा वेळ स्वयंपाकात धरू की जळणात?" तिची वही अजून माझ्याकडे आहे. दोन्हीत थोडा थोडा धर, असे मी तिला सांगितले. पण उत्तर बरोबर होते की नाही, ते उंग्राच्या त्या जुन्या प्रश्नावलीत पाहायचे राहून गेले आहे.