जंत आणि माती

मुलांनो, वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम तुम्हांस ठाऊक असेल. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास गेले, तेव्हा त्या गावास शेगाव म्हणत. मैला उघड्यावर पडू देऊ नये, तो मातीने झाकावा, असा त्यांचा आग्रह असे. त्याचे मर्म जंताच्या जीवनक्रमावरून कळते.

जंताची मादी वीतभर, कधी त्याहूनही लांब असते. मनुष्याच्या आतड्यात राहून ती दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. विष्ठेवाटे बाहेर पडलेली ही अंडी ओलसर मातीत २ ते ३ आठवड्यांत परिपक्व होतात आणि मळके हात वा न धुतलेली भाजी यांवाटे पोटात शिरतात. आतड्यात निघालेल्या अळ्या रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचतात, तेथून घशात चढतात व गिळल्या जाऊन पुन्हा आतड्यात येतात. आपल्या अन्नावर जंत पोसतात. मूल मात्र कृश होते.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी देण्यात येते. तिने पोटातील जंत मरतात. मातीतील अंडी मात्र वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून एकट्याची स्वच्छता पुरत नाही. ती साऱ्या गावाने पाळावी लागते.