खोऱ्याचा दांडा आणि याकोबाची काठी

शास्त्रपाठ : उत्पत्ति 32:10, इब्री 11:21

यार्देन ओलांडताना याकोबाच्या हाती केवळ काठी होती. मरणसमयीही त्याने काठीवर टेकूनच देवाचे भजन केले.

आपल्या निपाणी-बेळगावकडे खोऱ्याचा जुना दांडा चुलीत जातो. त्याला चीर नसेल तर तासून मनगटाच्या उंचीचा करावा, बुडाशी जुन्या टायरचा तुकडा बसवावा. म्हाताऱ्या माणसाला आधार होतो.

आमच्या मंडळीतील एका आजींची जागा उपासनेत कित्येक महिने रिकामी होती. आम्ही दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. काठी मात्र कोणी नेली नाही. शेवटी एका तरुणाने असाच दांडा तासून दिला, तेव्हा त्या चालत आल्या.

मननासाठी : आपल्या मंडळीत कोणाची जागा रिकामी आहे? आपल्या परसात काय पडून आहे?