हुन्नर आणि उद्याचे काम

(काळाबरोबर कामाचे स्वरूप बदलते. बदलत्या कामासाठी स्वतःला कसे तयार करावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो,

दहावीनंतर काय, हा प्रश्न लवकरच तुमच्यापुढे उभा राहील. काहीजण महाविद्यालयात जातील. काहींच्या घरची परिस्थिती बेताची असेल. मग मुलगा गॅरेजवर किंवा दुकानावर जाऊ लागतो आणि मुलीचे शिक्षण थांबते. कामाला लागणे वाईट नाही. कष्टाची भाकरी मानाचीच असते. पण आज शिकलेले काम उद्या राहील का? राहिले तरी तसेच राहील का? हा विचार आताच करायला हवा.

त्यासाठी दूर जायला नको. आपले छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, हेच पाहा.

पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून शहरात आणले, उंचावरून सोडले आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरवले. अठराव्या शतकातील ही युक्ती आहे. हाताने दळण्याचे काम पाण्याने केले. मात्र नळ सांभाळणारा आणि चक्की दुरुस्त करणारा माणूस लागतच होता. काम संपले नाही, काम बदलले.

दुसरे उदाहरण हिमरूचे. सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेले हे नक्षीदार कापड आपल्या शहराचे भूषण आहे. नक्षी विणताना कोणते धागे उचलायचे, हे लक्षात ठेवणे फार अवघड असते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील जॅकार्ड या कारागिराने त्यावर उपाय काढला. त्याने पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडून ती मागावर बसवली. भोक असेल तर धागा उचलला जातो, नसेल तर नाही. पुढे सुरुवातीच्या संगणकांनाही अशाच भोके पाडलेल्या कार्डांवरून सूचना देत असत. विणकराचा माग आणि संगणक हे असे दूरचे नातेवाईक आहेत!

नंतर शहरात कारखाने आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले. चिकलठाण्यात औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याला लागणारे सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आसपास वाढले. फिटर, टर्नर, वेल्डर हे शब्द घरोघरी पोहोचले. पूर्वी टर्नर लेथ यंत्राचे चाक हाताने फिरवून लोखंडाला आकार देई. आता अनेक ठिकाणी संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र ते काम करते. कामगार त्याला सूचना देतो आणि तयार झालेला भाग मोजून पाहतो.

आता आणखी एक बदल आपल्या दाराशी आला आहे. शेंद्रा आणि बिडकीन येथे ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक नगरी वसत आहे. २०२४ साली टोयोटा किर्लोस्कर कंपनीने विजेवर व हायब्रिड पद्धतीने चालणाऱ्या मोटारींच्या कारखान्यासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. विजेवरच्या गाडीत पिस्टन नाही, स्पार्क प्लग नाही, इंजिनचे ऑइल बदलणे नाही. तेथे बॅटरी, मोटर आणि त्यांवर नियंत्रण ठेवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र असते. ब्रेक आणि टायर मात्र तिलाही लागतात.

समजा, गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा आहे. आवाज ऐकून तो इंजिनमधील बिघाड सांगतो. त्याचा हात कुशल आहे. एक दिवस त्याच्यासमोर विजेवरची स्कूटर येते. तिला इंजिनच नाही. आता तो काय ऐकणार? त्याच्याजवळ बुद्धी कमी नाही. पण व्होल्टेज म्हणजे काय, विद्युतप्रवाह कशाने वाढतो आणि कशाने कमी होतो, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. आणि अंदाजाने बॅटरीला हात लावणे जिवावर बेतू शकते. विज्ञानाच्या पुस्तकातील ओहमचा नियम परीक्षेपुरता पाठ करू नका, असे मी म्हणतो ते यासाठीच.

मग तयारी कशी करावी? तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट : हाताबरोबर डोकेही शिकवा. उर्दूत ज्याला आपण ‘हुनर’ म्हणतो, त्यालाच मराठीत ‘हुन्नर’ किंवा ‘कौशल्य’ म्हणतात. हुन्नर म्हणजे केवळ हाताची सवय नव्हे. काम कसे करायचे हे हाताला कळते. ते तसेच का करायचे हे डोक्याला कळावे लागते. मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजता येणारा फिटर नव्या यंत्रावरही उपयोगी पडतो, कारण यंत्र बदलले तरी माप बदलत नाही.

दुसरी गोष्ट : शिकल्याचे प्रमाणपत्र मिळवा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा असतो. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेता येते. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात जाण्याची वाटही खुली आहे. आपल्याच शहरातील इंडो-जर्मन टूल रूममध्ये साचे आणि डाय बनवण्याचे शिक्षण मिळते. या वाटा मुलींसाठीही आहेत. मापाची अचूकता मुलगा की मुलगी हे पाहत नाही.

जर्मनीत शिकाऊ मुले आठवड्यातील काही दिवस कारखान्यात काम करतात आणि उरलेले दिवस शाळेत शिकतात. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन वर्षांचे कामाशी जोडलेले शिक्षण मिळते. आपल्याकडेही १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. तुमचा मोठा भाऊ आधीच कामाला लागला असेल, तर त्यालाही सांगा : २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, अनुभवाने मिळवलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत आली.

तिसरी गोष्ट : मराठी चांगली शिका. कारखान्यातील सूचना, बसची पाटी, कार्यालयातील अर्ज हे सारे बहुधा मराठीत असते. घाबरू नका. कामाच्या ठिकाणचे कितीतरी मराठी शब्द तुमच्या ओळखीचे आहेत : कारखाना, कारागीर, अवजार, मजूर, हजेरी, नमुना, अर्ज, नफा. हे फारसी-अरबीतून आलेले शब्द मराठीने केव्हाच आपले मानले आहेत.

पण थोडे सावध राहा. काही शब्द दिसतात सारखे, अर्थ मात्र वेगळा. उर्दूत ‘खुलासा’ म्हणजे सारांश. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. साहेबांनी ‘उशिराबद्दल खुलासा द्या’ असे लिहिले, तर सारांश लिहून चालणार नाही! उर्दूत ‘रजा’ म्हणजे मर्जी. मराठीत रजा म्हणजे सुटी. उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडत असल्याचे पत्र. अर्थ न समजता अशा कागदावर सही केली, तर नोकरी जाईल.

मुलांनो, पाण्याने जाते फिरवणारे हात, हिमरू विणणारे हात आणि यंत्राला सूचना देणारे हात याच शहराचे आहेत. उद्या कोणते यंत्र येईल, हे आज कोणी नक्की सांगू शकत नाही. पण ज्याला शिकायचे कसे हे कळते, त्याला नव्या यंत्राची भीती वाटत नाही. ते शिकण्याची जागा आजची शाळा हीच आहे. म्हणून दहावीपूर्वी शाळा सोडू नका.

शब्दार्थ
बेताची – साधारण, कमी
भूषण – शोभा, अभिमानाची गोष्ट
तंत्रनिकेतन – पॉलिटेक्निक
पदविका – डिप्लोमा
विद्यावेतन – शिकताना मिळणारी ठरावीक रक्कम

स्वाध्याय
१. ‘काम संपले नाही, काम बदलले’ हे पाणचक्कीच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
२. गॅरेजमधील कुशल मुलाला विजेवरची स्कूटर दुरुस्त करताना कोणती अडचण येते?
३. ‘खुलासा’, ‘रजा’ व ‘राजीनामा’ या शब्दांचा मराठी अर्थाने वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या मोहल्ल्यातील एका कारागिराला भेटा. त्याच्या कामात गेल्या दहा वर्षांत काय बदलले, ते विचारून आठ ओळी मराठीत लिहा.