कंबरेच्या वरचा मणका

कंबर धरली ती श्रावणात. सासूबाई म्हणाल्या, "उसण भरली असेल, शेक घे." मी शाळेत शिकवते. दिवसभर उभं राहायचं, वर खड्ड्यांतून स्कूटर चालवायची. कारण समोरच होतं, म्हणून दुसरं कुणी शोधलं नाही. गणपतीनंतर हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कंबरेचा एमआरआय काढायला लावला, त्यात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली डिस्क थोडी फुगलेली निघाली. "गॅप आलाय, नस दबलीय," हे ऐकलं आणि मला हायसं वाटलं. दुखण्याला नाव मिळालं होतं. पट्टा, गोळ्या, ट्रॅक्शन सुरू झालं.

दसऱ्यानंतरचे तीन आठवडे मी वाया घालवले. ते कसे घालवले, तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

आधी डाव्या पायातली चप्पल निसटू लागली. निसटलेली मला कळायची नाही. मागून येणारी मुलं "बाई, तुमची चप्पल" म्हणून आणून द्यायची. मग दोन्ही तळव्यांना मुंग्या आल्या, त्या गुडघे, मांड्या करत पोटावर चढल्या. छातीखाली ओला पंचा आवळून बांधल्यासारखं वाटायचं, तेव्हा मी ॲसिडिटीची गोळी घ्यायची. गरम पाण्याने आंघोळ केली की पाय आणखी जड व्हायचे. दिवाळीत रांगोळी काढताना हनुवटी छातीला टेकली आणि मानेपासून टाचेपर्यंत करंट गेला. यातलं काहीही मी डॉक्टरांना सांगितलं नाही. ते विचारायचे, "दुखणं कसंय?" आणि दुखणं खरोखरच कमी झालं होतं. बधिरपणा दुखत नाही, म्हणून तो मी आजारात धरलाच नव्हता.

भाऊबीजेला भाऊ आला. मला जिना उतरताना पाहून म्हणाला, "ताई, कठडा सोडून उतर बघू." मला जमलं नाही.

त्याने पुण्याला न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी आधीची फाइल सुरुवातीला उघडलीच नाही. गुडघ्यावर हातोडी मारली, तळपायावर चावी ओढली, टाचणी पायापासून वर टोचत आणली. ती छातीच्या थोडं खाली आल्यावर मला नीट टोचली. "कंबरेत नस दबली असती तर गुडघ्याचा झटका मंद झाला असता, फार तर नेहमीसारखा राहिला असता," ते म्हणाले. "तुमचा जोरात येतोय, आणि पायाचा अंगठा वर वळतोय. दुखणं वर आहे." मग फाइलमधला एमआरआय दिव्यावर धरला आणि जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगायला हवं होतं. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्याखाली फक्त नसांचा जुडगा असतो. म्हणजे कंबरेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूचं जेमतेम टोक दिसतं. मान आणि पाठ त्यात नसतेच.

डिस्क फुगलेली होती, ती काही खोटी नव्हती. पण ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या एमआरआयमध्येही अशा डिस्क सापडतात. माझा बधिरपणा तिच्यामुळे नव्हता.

मेंदू, मान आणि पूर्ण पाठीचा, डाय घालून एमआरआय झाला. मज्जारज्जूत दोन पांढरे ठिपके दिसले, एक मानेत, एक छातीच्या पातळीला. मेंदू स्वच्छ. रिपोर्टवर 'मल्टिपल स्क्लेरोसिसचा संशय' असं लिहिलं होतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खाते. वायरवरचं प्लास्टिक सोलल्यासारखं होतं आणि संदेश अडखळतात.

त्या रात्री मी मनाने व्हीलचेअरवर जाऊन बसले होते. तिथं कुणी बसलं असेल तर त्यांनी 'संशय' हा शब्द नीट वाचावा. निदानासाठी डॉक्टर साधारणपणे दोन गोष्टी पाहतात: ठिपके मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या भागांत आहेत का, आणि ते वेगवेगळ्या वेळी आलेत का. माझे दोन्ही मज्जारज्जूतच. शिवाय असे ठिपके इतर आजारांतही येतात. बी-१२ ची कमतरता, क्षयरोग, आणि एनएमओ व मॉग हे अँटिबॉडीचे आजार. एनएमओमधला ठिपका बहुधा लांबलचक, तीन किंवा अधिक मणक्यांएवढा असतो. माझे आखूड होते, तरीही रक्त तपासलं. ही तपासणी टाळू नका, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसवरची काही औषधं एनएमओच्या रुग्णाचा आजार वाढवतात.

तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढायचं म्हटल्यावर घरात रडारड झाली. "सुई टोचली की पाय जातात," असं शेजारून कुणी सांगितलं होतं. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खालीच टोचतात. ज्या कारणाने कंबरेच्या एमआरआयमध्ये माझा आजार दिसला नाही, त्याच कारणाने ती सुई सुरक्षित होती. दोन दिवस डोकं दुखलं, इतकंच.

नंतर पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, रोज साखर तपासून. बधिरपणा महिन्याभरात गुडघ्यांपर्यंत उतरला, तळव्यांत अजून थोडा आहे.

कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाने घाबरावं असं मी मुळीच म्हणत नाही. बहुतेकांचं दुखणं स्नायूंचं किंवा डिस्कचंच असतं. पण मुंग्या वर चढत असतील, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटत असेल, मान वाकवल्यावर करंट जात असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना सांगा आणि "मानेचा, पाठीचा एमआरआय लागेल का?" असं विचारा. लघवी अडली, तिच्यावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. आणि कारण कळेपर्यंत मान किंवा पाठ मोडून घ्यायला कुणाकडे जाऊ नका. मी हाडवैद्याची वेळ घेतली होती. आदल्या दिवशी भाऊ आला म्हणून राहिलं.

माझ्या रिपोर्टवर अजूनही 'संशय' हाच शब्द आहे. दर सहा महिन्यांनी एमआरआय होतो, आणि नवा ठिपका आहे का ते जुन्याशेजारी ठेवूनच कळतं, म्हणून सगळ्या सीडी कपाटात तारखा घालून ठेवल्या आहेत. कंबरेची ती पहिलीसुद्धा.