धातूचे अंतरंग

सप्तशृंग गडाच्या पायथ्याशी वसलेल्या वणी गावात लोहाराच्या भट्टीपाशी घटकाभर उभे राहावे, तर पाहण्यासारखे पुष्कळ असते. भाता चालतो, कोळसे फुलतात आणि पोलादाचा तुकडा लालबुंद होतो. सांडशीत धरलेला तो तुकडा ऐरणीवर येतो. त्यावर घणाचे घाव पडतात व पाहता पाहता त्याला विळ्याचा आकार येतो. मग तो विळा पुन्हा लाल होईपर्यंत तापवून लोहार त्याची धार पाण्यात बुडवतो. चर्र असा आवाज होऊन वाफ उसळते. यालाच पोलादाला पाणी देणे असे म्हणतात.

समजा, एका शेतकऱ्याने एकाच पोलादाचे तीन विळे घेतले. तिन्ही रंगारूपाने सारखे, वजनानेही सारखे. कापणी सुरू झाली. पहिला विळा दगडावर आपटताच काचेसारखा तडकला. दुसरा तडकला नाही, पण त्याची धार दुमडली आणि तो दोन दिवसांत बोथट झाला. तिसऱ्याने मात्र सारा हंगाम काढला. दिसते तसे नसते, हेच खरे! तिन्ही विळ्यांमधील भेद बाहेर नव्हता, तो आत होता. परंतु धातूच्या आत पाहावयाचे कसे?

मुलांनो, शाळेत तुम्ही कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवून पाहिला असेल. तेथे प्रकाश खालून येतो, पापुद्र्यातून आरपार जातो आणि त्यातील पेशी आपल्याला दिसतात. धातूतून प्रकाश आरपार जात नाही. म्हणून धातूसाठी वापरण्याच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश वरून पाडतात आणि धातूच्या पृष्ठभागावरून परत आलेल्या प्रकाशातच त्याचे रूप न्याहाळतात. अर्थात त्यासाठी तो पृष्ठभाग आरशासारखा सपाट व स्वच्छ असावा लागतो. विळ्याचा तुकडा जसाच्या तसा यंत्राखाली ठेवला, तर दिसेल तो गंज, काजळी आणि घणाचे वण. पोलाद दिसणारच नाही. तेव्हा पाहण्याआधी नमुना तयार करणे, हेच या विद्येतील खरे काम आहे.

ही विद्या प्रथम साध्य करून दाखविली ती इंग्लंडमधील शेफील्ड या गावच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या संशोधकाने. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांसाठी आणि पोलादासाठी प्रसिद्ध असलेले गाव. सॉर्बी आधी खडकांच्या पातळ चकत्या घासून त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. तोच उद्योग त्याने पुढे पोलादावर केला. १८६३ साली त्याने पोलादाचा तुकडा काळजीपूर्वक घासून, त्यावर सौम्य आम्लाचा प्रयोग करून त्याची अंतर्रचना पाहिली. त्याच्या यशाचे मर्म यंत्रात जेवढे होते, त्याहून अधिक नमुना तयार करण्याच्या चिकाटीत होते. आज यंत्रे सुधारली आहेत, तरी कामाच्या पायऱ्या मुख्यतः त्याच आहेत.

पहिली पायरी कापण्याची. वस्तूच्या कोणत्या भागातून तुकडा घ्यावयाचा, हे आधी ठरवावे लागते. विळा जेथे तडकला, तेथील तुकडा आणि मुठीजवळचा तुकडा यांची साक्ष वेगवेगळी असू शकते. साधारण अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पुरतो. तो कापताना पाण्याची धार सतत सोडावी लागते. कारण कापताना घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि उष्णतेने पोलादाची रचना पालटते. कोरडेच कापले, तर लोहाराने काय केले ते पुसले जाईल आणि आपणच काय केले ते दिसेल.

दुसरी पायरी बसविण्याची. एवढासा तुकडा बोटांत नीट धरता येत नाही. तो वाकडा धरला, तर पृष्ठभाग सपाट राहत नाही. म्हणून तो बेकलाइटसारख्या राळेत बसवितात. बेकलाइटची भुकटी तुकड्याभोवती घालून, दाब देऊन सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, की तिची घट्ट वडी होते व धातूचा एक पृष्ठभाग तेवढा उघडा राहतो. पाणी दिलेल्या पोलादाला एवढी उष्णताही थोडीफार बाधू शकते. अशा वेळी न तापविता घट्ट होणारी राळ वापरणे श्रेयस्कर.

तिसरी पायरी घासण्याची. येथे उतावळ्या माणसाची परीक्षा होते. घासण्याचे कागद क्रमांकाने ओळखले जातात. क्रमांक जितका मोठा, तितके त्यावरील कण बारीक. १२०, २२०, ३२०, ४०० आणि ६०० असे कागद एकापुढे एक घेतात. कागद काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून, त्यावर पाणी सोडून नमुना एकाच दिशेने घासावयाचा. पुढचा कागद घेतला, की नमुना काटकोनात वळवावयाचा. असे का बरे? जुने ओरखडे आडवे आणि नवे उभे असले, म्हणजे जुने संपले की नाही ते डोळ्यांना स्पष्ट कळते. शेवटचा जुना ओरखडा नाहीसा झाल्यावाचून पुढच्या कागदाकडे वळू नये. शिवाय दर वेळी नमुना आणि आपले हात स्वच्छ धुवावे लागतात. आधीच्या कागदाचा एखादा जाडसर कण जरी पुढे आला, तरी तो तासाभराच्या श्रमांवर ओरखडा ओढतो.

चौथी पायरी झिलईची. फिरत्या तबकडीवर मऊ कापड ताणून बसवितात आणि त्यावर अॅल्युमिनाची भुकटी पाण्यात कालवून घालतात. कधी हिऱ्याच्या भुकटीचा लेपही वापरतात. या भुकटीचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे बारीक असतात. नमुना त्या कापडावर हलक्या हाताने धरावयाचा असतो. जोराने दाबला, तर वरचा धातू लेपासारखा पसरतो आणि खालची खरी रचना झाकून टाकतो. काम नीट झाले, म्हणजे नमुन्यात आपला चेहरा दिसतो.

आता तो यंत्राखाली ठेवला तर? गंमत अशी, की बहुधा काहीच दिसत नाही! एखादी भेग किंवा पोलादात अडकलेला मळीचा कण असेल तर तेवढा दिसतो. बाकी सारे लखलखीत पांढरे. कारण सारा पृष्ठभाग प्रकाश सारखाच परत पाठवितो.

म्हणून पाचवी पायरी आम्लाच्या संस्काराची. पोलादासाठी अल्कोहोलचे ९८ भाग आणि नायट्रिक आम्लाचे २ भाग असे मिश्रण सामान्यतः वापरतात. त्यास नायटल म्हणतात. हे काम हातमोजे व चष्मा घालून, जाणत्या माणसानेच करावयाचे असते. मुलांनी घरी करण्याचे हे काम नव्हे. नमुना काही क्षण नायटलमध्ये धरतात, लगेच पाण्याने व मग अल्कोहोलने धुतात आणि गरम हवेच्या झोताने वाळवितात. काही क्षण कमी पडले, तर रचना उमटत नाही. अधिक झाले, तर नमुना काळाठिक्कर पडतो आणि झिलई पुन्हा करावी लागते.

आम्लाने काय होते? धातू हा असंख्य बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो. दोन कणांच्या सीमेवर अणूंची मांडणी विस्कळीत असते. तेथे आम्ल अधिक जलद चालते आणि सूक्ष्म चर पडतो. सपाट जागेवरून प्रकाश सरळ परत येतो, पण चरावरून तो इतस्ततः फाकतो. म्हणून सीमा काळ्या रेषांसारख्या दिसतात. गडावरून खाली पाहिले असता बांधांनी वेगळी केलेली शेते दिसतात ना? तसेच हे दृश्य असते.

चला तर, आपले तीन विळे यंत्राखाली पाहू. दुसऱ्या, मऊ विळ्याच्या नमुन्यात काही पांढरे कण दिसतात. ते जवळजवळ शुद्ध लोहाचे, मऊ. त्यांना फेराइट म्हणतात. त्यांच्या शेजारी नांगरलेल्या शेतातील तासांसारखे पट्टे असलेले करडे भाग आहेत. त्यांत मऊ आणि कठीण असे पातळ थर एकाआड एक असतात. त्यांची झाक मोत्यासारखी दिसते, म्हणून त्यांस पर्लाइट हे नाव मिळाले. हा विळा तापविल्यावर सावकाश थंड झाला होता. त्यास पाणी मिळालेच नव्हते. पहिल्या, तडकलेल्या विळ्यात मात्र गवताच्या कुसळांसारख्या सुयांची दाटी आहे. ही मार्टेन्साइटची रचना. लाल पोलाद एकाएकी थंड केले, की ती बनते. ती अतिशय कठीण, पण तितकीच ठिसूळ. तिसऱ्या विळ्यात सुयांची ठेवण तीच आहे, पण आम्लाने ती अधिक काळवंडली आहे. कारण या विळ्यास पाणी दिल्यावर लोहाराने तो पुन्हा हलकेच तापविला होता. त्यामुळे काठिण्य थोडे उतरले आणि चिवटपणा आला.

जुना लोहार हे सूक्ष्मदर्शकावाचून जाणत असे. घासून चकचकीत केलेले पोलाद सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की त्यावर फिकट पिवळी झाक येते. सुमारे ३०० अंशांना ती निळी होते. त्या रंगावर नजर ठेवून तो विळा कोठे थांबवावयाचा हे ठरवी. सूक्ष्मदर्शकाने त्याचे ज्ञान खोटे ठरविले नाही. ते का खरे आहे, हे सांगितले.

विळा तुटला तर दुसरा घेता येतो. पण सगळ्याच वस्तू विळ्यासारख्या नसतात. आपल्या नाशिक जिल्ह्यातच ओझर येथे १९६४ साली मिग विमानांसाठी कारखाना स्थापन झाला. विमानाचा एखादा भाग आकाशात तुटला, तर प्राणाशीच गाठ असते. अशा भागाच्या पोलादाची तपासणी करताना राहून गेलेला ओरखडा भेग समजला, तर चांगला भाग भंगारात जाईल. आणि पसरलेल्या धातूखाली खरी भेग झाकली गेली, तर वाईट भाग विमानात जाईल.

दुसरे उदाहरण आपल्या पूर्वजांचे. संगमनेरजवळ प्रवरा नदीच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तेथे १९४७ साली तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. पुढे १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक व जोर्वे येथे उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीची ही संस्कृती आज जोर्वे संस्कृती म्हणून ओळखली जाते. अशा प्राचीन ताम्रवस्तूचा कणभर तुकडा यंत्राखाली बोलका होतो. तांबे नुसते ओतलेले असेल, तर झाडाच्या फांद्यांसारखी रचना दिसते. ठोकलेले असेल, तर कण चपटे होतात. ठोकून पुन्हा तापविलेले असेल, तर नवे कण तयार होऊन त्यांत सरळ समांतर रेषा उमटतात. ज्या कारागिराचे नावही उरले नाही, त्याच्या हातचे काम असे वाचता येते. परंतु असा तुकडा पुन्हा पुन्हा मागता येत नाही. तो घाईने बिघडविला, तर एक साक्षीदार कायमचा मुका होतो.

म्हणून प्रयोगशाळेतील कुशल माणूस यंत्राला डोळा लावण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारतो : मला जे दिसणार आहे, ते धातूचे सत्य आहे, की माझ्याच हातचा ओरखडा? शंका आली, तर तो पुन्हा मागच्या कागदाकडे जातो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मुलांनो, एखाद्या वस्तूविषयी किंवा माणसाविषयी मत बनविताना आपणही हा प्रश्न स्वतःस विचारला, तर आपल्या हातून अन्याय सहसा होणार नाही.

अभ्यास

१. तिन्ही विळे बाहेरून सारखे असूनही त्यांचे गुण वेगळे का झाले?
२. कारणे द्या : (अ) नमुना कापताना पाण्याची धार सोडतात. (आ) कागद बदलताना नमुना काटकोनात वळवितात. (इ) आम्लाच्या संस्कारापूर्वी यंत्राखाली बहुधा काहीच दिसत नाही.
३. 'एक साक्षीदार कायमचा मुका होतो,' असे लेखकाने का म्हटले आहे?
४. तुमच्या गावातील लोहाराकडे जाऊन तो विळ्यास पाणी कसे देतो ते पाहा आणि त्याचे वर्णन दहा ओळींत लिहा.