‘घेतल्यात ना?’ असं विचारू नकोस

पोरी, सोमवारपासून पेशंटना गोळ्यांचा हिशेब विचारायची ती खुर्ची तुझी. दारू सोडवायच्या औषधांवरच्या संशोधनात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिल्याच दिवशी समोरच्या काकांना मी विचारलं, ‘गोळ्या घेतल्यात ना?’ त्या ‘ना’तच उत्तर होतं. ते म्हणाले, ‘हो ताई.’ घरी, कामावर, सासुरवाडीला बोलणी खाऊन आलेला माणूस; तो आणखी एका ठिकाणी नापास कशाला होईल? तू असं विचार, ‘रोजची गोळी कुणाचीही चुकते. या आठवड्यात कुठल्या दिवशी राहिली?’ आणि गप्प बस. वार आठवत नसेल तर बाजाराचा दिवस, पगाराचा दिवस, चतुर्थी असं करत मागं ने. गटारीच्या आधीचे दिवस मुद्दाम विचार. नाल्ट्रेक्झोन पोटात असलं की पिण्यात मजा येत नाही, म्हणून ती गोळी आधीच बंद होते. डायसल्फिरामवाल्याला मात्र बजाव, की गोळी सोडली तरी दोन आठवड्यांपर्यंत दारू जिवावर बेतू शकते.

रिकाम्या स्ट्रिपा मोजून मोकळी होऊ नकोस, हातात घेऊन बघ. रोज एक गोळी काढलेली स्ट्रिप खिशात राहून चुरगळते, चंदेरी कागदाच्या कडा काळवंडतात. बसस्टँडवर एका दमात रिकामी केलेली कोरी करकरीत असते. अशी एक स्ट्रिप एका काकांकडून माझ्या हातात आली होती. मी ‘सर्व घेतल्या’ लिहून टाकलं. पुढच्या खेपेला त्यांच्या बायकोनं वर्तमानपत्राची पुडी टेबलावर ठेवली. शर्टाच्या खिशात धुतली गेलेली, आत पांढरा लगदा. जुनी नोंद एका रेघेनं खोडली, शेजारी तारीख घातली, सही केली. व्हाइटनर कधीही लावायचा नाही.

प्रोटोकॉलमध्ये बसत असेल तर २८ दिवसांना ३३ गोळ्या दे. डबी पूर्ण रिकामी परत आली, की पाच गोळ्या कुठं गेल्या ते शांतपणे विचार. झाकणात चिप असलेल्या डबीचाही फार भरवसा धरू नकोस. झाकण किती वाजता उघडलं ते ती सांगते. गोळी गिळली का, ते नाही.

गोळीत रायबोफ्लेविन घातलेलं असेल तर अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली लघवी पिवळी-हिरवी चमकते. पण आपल्याकडे दारू पिणाऱ्याला बी-कॉम्प्लेक्स कुणीही लिहून देतं आणि त्यातही तेच जीवनसत्त्व असतं. तेव्हा ते घेता का हे आधी विचार, आणि औषध सुरू होण्यापूर्वीचा नमुना घेऊन ठेव. नमुन्याची बाटली काळ्या कागदात गुंडाळ, उजेडात रायबोफ्लेविन नासतं. आणि चमक फक्त कालपरवाची साक्ष देते. भेटीच्या सकाळी आठवणीनं गोळी घेणारे खूप असतात.

हे सगळं इतकं जपायचं कशासाठी? १९८६ साली अमेरिकेतल्या ६०५ माजी सैनिकांवरचा डायसल्फिरामचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना पूर्ण मात्रा, काहींना नावापुरती एक मिलिग्रॅम, काहींना ते औषधच नाही. रायबोफ्लेविन मात्र तिन्ही गटांना. गोळ्या नेमानं घेणारे दारूपासून जास्त लांब राहिले, आणि हे तिन्ही गटांत दिसलं! म्हणजे नेम पाळणारा माणूसच वेगळा असतो. म्हणून गोळ्या चुकवणाऱ्यांना हिशेबातून वगळून कुणी निकाल देऊ लागलं, तर तू अडव. तेवढा हक्क तुला आहे.

बायकोला पहारेकरी करू नकोस. गोळीवरून घरात मारहाण झालेली मी पाहिली आहे. कुणाच्या समोर गोळी घ्यायची ते पेशंटलाच ठरवू दे. कुणी आईचं नाव सांगतं, कुणी दुकानदाराचं. ‘चहातून देऊ का?’ असं बायकोनं विचारलं तर ठाम नाही म्हण. नकळत डायसल्फिराम गेलं आणि वर नवरा दारू प्याला, तर जीव जाऊ शकतो.

कुणी ‘चार राहिल्या’ म्हणालं, तर चेहरा न बदलता त्यांच्यासमोरच ४ लिही. मग विचार, त्या दिवशी काय झालं होतं? नाल्ट्रेक्झोननं सुरुवातीला मळमळतं. माझ्या एका पेशंटनं त्यापायीच गोळी सोडली होती आणि महिनाभर कुणाला बोलला नव्हता. डॉक्टरांना विचारून जेवणानंतर घ्यायला सांगितली. पुढच्या भेटीत तो आपणहून म्हणाला, ‘ताई, एकच राहिली, मंगळवारची.’