आधी ओहोटी बघ

पोरी, धक्क्याच्या कामावर रुजू होते आहेस, तर नकाशाआधी पंचांग उघड. तिथीला पाऊणने गुण, भरती किती वाजता भरेल याचा अंदाज मिळतो: अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला सव्वाअकरा-बाराला. पण जागा बघायला भरतीला जाऊ नको, तेव्हा सगळीच बंदरं देखणी दिसतात. आपल्या झरीहून डहाणूची खाडी काही लांब नाही. अमावास्येला संध्याकाळी पाच-सहाला तिथं उभी राहा. गाळात कलंडलेल्या होड्या बघ आणि माणसं चिखलातून कशी चढतात ते बघ. तुझा धक्का त्या वेळेसाठी बांधायचा आहे.

आपल्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी जवळपास 5 मीटर चढतं-उतरतं. नुसत्या पायऱ्या बांधल्यास की खालच्या निम्म्या पायऱ्यांवर शेवाळ येणारच. त्यापेक्षा पाँटून तरंगतं ठेव आणि त्यावर उतरायला गँगवे दे. चाकाच्या खुर्चीला बारास एक असा उतार लागतो, म्हणजे 5 मीटरच्या फरकाला गँगवे 60 मीटर लांब झाला. खर्च बघून वरचे लोक तो आखूड करायला सांगतील. तेव्हा हा हिशेब कागदावर मांड आणि अडून बस. पाँटूनला धरणारे खांबही उंच हवेत. वादळात उधाणावर आणखी पाणी चढतं, आणि खांब बुटका असेल तर पाँटून त्याच्या डोक्यावरून निसटून जातं.

गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीचा उतार वेगळा. 2025 च्या फेब्रुवारीत विरारच्या नारंगीहून जलसारला रो-रो सुरू झाली आणि रस्त्याचा साधारण 60 किलोमीटरचा वळसा दीड किलोमीटर पाण्यावर आला. असली सोय आपल्या जिल्ह्यात आणखी खाड्यांवर व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण त्या उतारावर मागे पोरगं बसवून स्कूटर येते. म्हणून उताराला आडव्या खाचा पाड आणि शेवाळ खरवडायला कायमचा माणूस नेमून घे.

खाडीत भरीव भिंत घालू नको. पाण्याची धार अडली की आडोशाला गाळ बसतो आणि दरवर्षी तो उपसण्यात पैसा जातो. खांबांवर बांध, खालून पाणी वाहू दे. चर कुठून कुठं सरकला हे म्हाताऱ्या तांडेलाला विचार, तुझ्या सर्वेक्षणात एकाच मोसमाचं चित्र असतं. तिवरांना हात लावू नको, ती काठ धरून ठेवतात.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात काँक्रीट एम-40 च्या खाली चालत नाही आणि सळईवर 75 मिलिमीटर आवरण लागतं. ओतण्याआधी स्वतः वाकून मोज. ओलं ठेवायलाही गोडच पाणी वापर, टँकर उशिरा आला तरी थांब.

मासळीवाल्या बायका पहाटेपासून धक्क्यावर असतात. त्यांचं शौचालय, नळ आणि टोपली टेकवायचा कट्टा पहिल्याच नकाशात काढ, नंतर कोणी काढत नाही.

आणि पाण्यात पडलेल्याला वर यायला शिडी दे. तिची शेवटची पायरी उधाणाच्या ओहोटीतही पाण्याखाली राहिली पाहिजे, नाहीतर ती बुडणाऱ्याच्या हाताला लागत नाही. लोखंड तिथं लवकर गंजतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर ती तपासायची, हे कंत्राटातच लिहून घे.